म्हैस गेटाबाहेर गेलीच नाही: लिव्हर फ्लूक प्रकल्पाच्या नोंदी

१ जुलै २०२५

कॉलेज प्रोजेक्टचा टॉपिक एकदाचा फायनल झाला. ओंकारला फुलपाखरं हवी होती (येऊरला फिरायला मिळतं म्हणून, बाकी काही नाही), सायलीला मासुंदा तलावाचं पाणी, आणि मी गप्प, कारण मला काही सुचतच नव्हतं. शेवटी मॅडमनीच विचारलं, कुणाच्या ओळखीत तबेला आहे का. माझ्या आहे. शीळफाट्याच्या अलीकडे, बाबांच्या मित्राचा, ३८ म्हशी, लहानपणापासून आमच्याकडे तिथलंच दूध येतं. मग शेण तपासा म्हणाल्या, लिव्हर फ्लूक (जनावरांच्या लिव्हरमध्ये राहणारा चपटा किडा) मिळतो का बघा. झालं. पुढचे चार महिने शेण.

संध्याकाळी काकांना भेटून आलो. ते हसायलाच लागले. म्हणे आमच्या म्हशी गेटाबाहेर जात नाहीत, चरायला नाही, डुंबायला नाही, जागेवर खाणं जागेवर पाणी, त्यांना कसला किडा लागणार.

पॉइंट आहे. आपण परीक्षेत जी आकृती काढतो, म्हणजे म्हैस, शेणातून अंडं, पाण्यात मिरासिडियम (अंड्यातून निघणारी अळी), मग गोगलगाय, तिच्या आत स्पोरोसिस्ट-रेडिया-सरकेरिया (अळीची एकामागून एक रूपं), मग गवतावर मेटासरकेरिया (कवचात बसलेली अळी) आणि परत म्हैस, त्यात म्हैस कायम तळ्याकाठी चरताना असते. सिमेंटच्या ओट्यावर साखळीला बांधलेली म्हैस मी कुठल्याच पुस्तकात बघितली नाही.

५ जुलै

पहिले दहा नमुने. सकाळी साडेपाचला पोचलो कारण धारा काढायच्या वेळेला म्हशी हमखास शेण टाकतात आणि ताजं पडता पडता उचलता येतं. प्लास्टिकच्या डब्या, मार्करने नंबर. ओंकारने पहिल्या पाच मिनिटांत बूट घाण करून घेतला.

डिपार्टमेंटचं सेंट्रिफ्यूज बंद आहे, गेल्या वर्षीही होतं म्हणतात, त्यामुळे आपलं साधं सेडिमेंटेशन. चमचाभर शेण पाण्यात कालवायचं, चहाच्या गाळणीतून गाळायचं, उंच ग्लासात पाच-दहा मिनिटं ठेवायचं, वरचं पाणी हळूच ओतून द्यायचं, परत पाणी, परत थांबायचं, असं पाणी नितळ होईपर्यंत. फ्लूकची अंडी जड असतात, तळाला बसतात. मिठाच्या पाण्यात अंडी तरंगवायची जी नेहमीची पद्धत आहे ती इथे चालत नाही, आणि आम्ही अर्थातच आधी तीच करून अर्धा दिवस घालवला.

(गाळणी घरून आणली होती. आईला सांगितलेलं नाही. नवीन आणून ठेवलीय.)

७ जुलै

अंडी दिसली! दहापैकी सात नमुन्यांत! आम्ही तिघं वेड्यासारखे नाचलो, काकांना फोन करणार तेवढ्यात मॅडम आल्या, डोळा लावला, आणि म्हणाल्या, हे काय आहे माहितीये का तुम्हाला?

ती फ्लूकचीच पण दुसऱ्या फ्लूकची निघाली. अ‍ॅम्फिस्टोम, म्हणजे जे पोटात राहतात, लिव्हरमध्ये नाही. आकार जवळपास तोच, एका टोकाला झाकणही तसंच. फरक रंगात. अ‍ॅम्फिस्टोमचं अंडं पांढुरकं, काचेसारखं. फॅसिओलाचं, म्हणजे आपल्या लिव्हर फ्लूकचं, पिवळं सोनेरी, कारण ते पित्तनळीतून येतं आणि पित्ताचा रंग धरतं. म्हणून सेडिमेंटमध्ये मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकायचा, मागचा सगळा काडीकचरा निळा होतो आणि फॅसिओलाची अंडी पिवळीच राहतात, लगेच डोळ्यात भरतात. हे आधी सांगितलं असतं तर नाचलो नसतो.

परत सगळ्या स्लाइडी बघितल्या. दहात एक. म्हैस नंबर ९.

१२ जुलै

अजून बारा नमुने झाले. एकूण २२ मध्ये फॅसिओला ४. नंबर ९, १४, १७ आणि ३१.

आता इथून मजा आहे. काकांकडे वही असते, कुठली म्हैस कधी आली, कितीला घेतली. ९ नंबर जूनमध्ये मेहसाण्याहून आलेली, पाच आठवडे झालेत. म्हणजे तिने किडा तिकडूनच आणला, कारण पोटात गेलेल्या मेटासरकेरियाला अंडी घालणारा मोठा किडा व्हायला पाच आठवडे पुरतच नाहीत. आधी लहान आतड्यात कवचातून बाहेर यायचं, आतड्याची भिंत पोखरून पोटाच्या पोकळीत, तिथून लिव्हरच्या पृष्ठभागातून आत, मग कित्येक आठवडे लिव्हरचं मांस खात बोगदे काढायचे आणि शेवटी पित्तनळीत जाऊन बसायचं. आपल्याकडच्या फॅसिओला जायगँटिकाला या सगळ्याला साधारण तीन-चार महिने लागतात. १४ आणि १७ दोन वर्षं इथे आहेत, पण किडा वर्षानुवर्षं जगू शकतो, त्यामुळे त्यांचं ठामपणे काही सांगता येत नाही.

३१ नंबर मात्र म्हैस नाही, रेडी आहे. इथेच जन्मली, याच तबेल्यात. एका म्हशीचं पारडू काकूंनी हट्टाने ठेवून घेतलेलं, दोन वर्षांची झाली. तिने आयुष्यात गेट ओलांडलेलं नाही. आणि तिच्या शेणात पिवळी अंडी.

काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले नाहीत.

३१ नंबरच्या शेणातली अंडी नीट धुऊन काचेच्या वाटीत ठेवलीत, फॉइलने झाकून. शेणातच राहिली तर ती वाढत नाहीत, स्वच्छ पाण्यात यावी लागतात, पावसाळा या किड्याला एवढा का मानवतो ते इथे कळतं.

२३ जुलै

उद्या अमावस्या, आज गटारी, मटणाच्या दुकानापुढे रांग रस्त्यापर्यंत. सायलीच्या काकांच्या ओळखीच्या खाटकाला सांगून ठेवलं होतं की खराब कलेजी निघाली तर फेकू नका. त्याने दुपारी फोन केला, बोकडाची आहे, घेऊन जा लवकर, गिऱ्हाईक बघतंय.

लॅबमध्ये ट्रेवर उघडली. वरून लिव्हर नेहमीसारखं गुळगुळीत नाही, कडा जाड, मध्ये मध्ये पांढरट रेषा. मॅडमनी पित्तनळी कात्रीने उभी कापली. नळी पेन्सिलएवढी जाड झालेली, एरवी ती शोधावी लागते. आत काळपट पित्त आणि त्यात गुंडाळून बसलेलं काहीतरी. चिमट्याने ओढलं तर बाहेर आलं ते, बांबूचं कोवळं पान पाण्यात भिजून मऊ पडावं तसं, करडं-तपकिरी, चारेक सेंटीमीटर, चपटं. कोमट सलाइनमध्ये टाकलं तर लांब झालं, आखडलं, परत लांब झालं. एका टोकाला बारीक शंकू आणि त्यावर चूषक. कडेने काळ्या फांद्या फांद्या दिसतात, ते त्याचं आतडं. एका लिव्हरमधून अकरा निघाले. जायगँटिका लांबट असतो, फॅसिओलाचीच दुसरी जात हिपॅटिका, तिला त्यामानाने खांदे असतात आणि तो आखूड, तो थंड प्रदेशातला. जायगँटिकाचं नाव १८५५ मध्ये कॉबोल्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ठेवलं आणि ते नमुने जिराफाचे होते, जिराफाला! मला उगाच त्या जिराफाचं वाईट वाटलं.

मॅडम म्हणाल्या गाईम्हशीत जुना आजार असला की या नळ्यांत कॅल्शियम साठतं, सुरी घातली की करकर वाजते. बोकडात तसं होत नाही, नुसती जाड होते.

घरी सांगितलं तर आईने आजपासून कलेजी बंद जाहीर केलं. तिला समजावलं की लिव्हरमधला किडा खाऊन फ्लूक होत नाही, माणसालाही तो मुख्यतः पाण्यातल्या कच्च्या पाल्यावरच्या मेटासरकेरियामुळे होतो. बोकडाच्या कलेजीपेक्षा न धुतलेला पाणथळ जागेतला पाला घातक. ती म्हणाली, मग पालाही बंद.

२७ जुलै

फॉइल काढायचा दिवस, पंधरा दिवस झाले. जुनं पाणी काढून ताजं घातलं आणि ट्यूबलाइटखाली ठेवलं, कारण अंधारात ती फुटायची थांबतात आणि उजेड लागला की निघतात. वीस मिनिटं काही नाही. ओंकार वडापाव आणायला गेला आणि त्याचं मिस झालं.

अंड्याच्या आत हालचाल आधीपासून होती, दोन काळे ठिपके, डोळे ते. मग एका टोकाचं झाकण, अगदी स्टीलच्या डब्याचं उघडतं तसं, एका बाजूने वर झालं आणि आतला अर्धा बाहेर आला, अडकला, अंग बारीक केलं, आणि सुटला. सुटला म्हणजे सुटलाच, पूर्ण अंगावर केस, स्लाइडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, मी फोकस फिरवेपर्यंत गायब. सायलीने व्हिडिओ काढलाय त्यात नुसतं रिकामं अंडं आणि माझा आवाज आहे, अरे गेला गेला गेला.

हा मिरासिडियम. काही खात नाही, अंड्यातून आणलेल्या शिदोरीवर जेमतेम एक दिवस. तेवढ्यात योग्य जातीची गोगलगाय नाही सापडली तर संपला. संध्याकाळी परत बघितलं तर निम्मे मंदावले होते. आमच्याकडे गोगलगायच नव्हती द्यायला, आणि असती तरी मॅडमनी परवानगी दिली नसती. बरंच आहे.

२ ऑगस्ट

गोगलगाय शोधमोहीम नंबर एक, फुकट गेली. आधी कळव्याला खाडीकडेला गेलो, तासभर चिखल तुडवला, मग सायलीला आठवलं की लिम्निया, म्हणजे फॅसिओलाला लागणारी गोगलगाय, गोड्या पाण्यातली आहे. खाडीत काय कपाळ मिळणार. परत येताना तबेल्यामागच्या नाल्यात साठेक शंख मिळाले, टोकदार, पातळ, तपकिरी, एकदम पुस्तकातल्यासारखे. खुशीत आलो.

सगळे फायसा निघाले. साठच्या साठ. ओळखायची खूण आता जन्मात विसरणार नाही: टोक वर धरायचं, तोंड आपल्याकडे, तोंड उजव्या हाताला असेल तर लिम्निया, डाव्या हाताला असेल तर फायसा. डावखुऱ्या गोगलगायी. सांडपाण्याच्या नाल्यात याच असतात आणि आपल्या फॅसिओलाला त्यांचा उपयोग नाही.

बरं, तबेल्याच्या नाल्यात लिम्निया नाहीच तर रेडीला लागण झाली कुठून? पाणी तर नळाचं पितात.

१० ऑगस्ट

गवत!! इतका साधा विचार करायला महिना लागला. म्हैस गवताकडे जात नाही पण गवत टेम्पोत बसून म्हशीकडे येतं, रोज सकाळी, चाळीसेक भारे. पॅरा गवत, पाणथळ जागेत वाढतं, दांडा पोकळ, जमिनीवर पसरून गाठीगाठीला मुळं फुटतात. आज टेम्पोवाल्या दादाबरोबर मागे बसून गेलो ते जिथून कापतात तिथे, डोंबिवलीच्या पुढे एका ओढ्याकाठी. गुडघाभर पाण्यात गवत. पाण्यात बदकं. आणि गवताच्या दांड्यांना, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, उजव्या तोंडाचे शंख.

मी ओरडलो तर कापणाऱ्या बाईंना वाटलं साप.

त्याच पाण्यात चपट्या चकलीसारखी इंडोप्लॅनॉर्बिसही ढिगाने होती. ती अ‍ॅम्फिस्टोमची गोगलगाय, म्हणजे ७ जुलैला ज्यांच्यामुळे आम्ही फुकट नाचलो ती अंडी कुठून येतात तेही कळलं. ओढ्यावर आसपासच्या गाईम्हशी पाणी प्यायला येतात, काठाला शेण पडलेलंच होतं. आकृतीतली म्हैस ही. काकांची नाही, दुसऱ्याच कुणाची.

१९ ऑगस्ट

पाऊस. कॉलेज बंद, लोकल बंद, गोगलगायी ओंकारकडे कोपरीला बादलीत आणि तो म्हणतो सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी आलंय. घरी बसून रिपोर्टचा इतिहासाचा भाग लिहिला.

हे चक्र पहिल्यांदा पूर्ण उलगडलं ते १८८२-८३ मध्ये, आणि एकाच वेळी दोघांनी, वेगवेगळं. जर्मनीत लायप्झिगला ल्यूकार्ट, तेव्हाच नाव असलेला मोठा प्रोफेसर, आणि ऑक्सफर्डला थॉमस, विशीतला पोरगा. इंग्लंडमध्ये त्याच्या आधी ओल्या वर्षांत लाखो मेंढ्या याच रोगाने मेल्या होत्या म्हणून त्याला हे काम लावलं होतं. त्यालाही योग्य गोगलगाय सापडेना! तलावात शोधत बसला आणि ती निघाली काठच्या चिखलात राहणारी इवलीशी. मग एका पुराच्या वर्षी ती कुरणात भरभरून आली आणि त्याचं काम झालं. हे वाचून २ ऑगस्टचं दुःख जरा कमी झालं. नंतर तो न्यूझीलंडला ऑकलंडला प्रोफेसर म्हणून निघून गेला.

ओंकारने मेसेजवर मुंगीवाला फ्लूक पाठवलाय, डायक्रोसिलियम, ज्यात मुंगीच्या डोक्यात एक अळी जाऊन बसते आणि संध्याकाळी गार झालं की मुंगी गवताच्या शेंड्याला जबड्याने चावून लटकून राहते, मेंढी येऊन खाईपर्यंत, आणि ऊन तापलं की सोडून परत कामाला. आपल्या प्रोजेक्टशी काही संबंध नाही. तरी तीन वेळा वाचलं.

२४ ऑगस्ट

लिम्निया ३४ होत्या, ओंकारच्या हलगर्जीपणात ३१ उरल्या (तीन त्याने थेट नळाच्या पाण्यात टाकल्या, क्लोरीन, दुसऱ्या दिवशी उलट्या तरंगत होत्या). प्रत्येकीला वेगळ्या छोट्या बाटलीत, शिळं पाणी, टेबल लॅम्पखाली सकाळी आठपासून, उजेडात सरकेरिया बाहेर पडतात का ते बघायला. मग एकेक बाटली काळ्या कागदापुढे धरून बघायची, पाण्यात धूळ हलतेय का.

२९ बाटल्या स्वच्छ.

२२ नंबरच्या बाटलीत धूळ हलत होती. ड्रॉपरने थेंब घेतला. शेपटीवाले, पण डोक्याभोवती काट्यांची कॉलर. एकिनोस्टोम, बदकांमधला फ्लूक. याच्यावरून मॅडमनी भारी गोष्ट सांगितली. इंडोनेशियात बदकांची विष्ठा मुद्दाम भाताच्या शेतात जाऊ देऊन फॅसिओला कमी करायचा प्रयोग झालाय, कारण एकाच गोगलगायीत दोघं शिरले तर एकिनोस्टोमच्या रेडियांना तोंड आणि भूक दोन्ही असते आणि ते फॅसिओलाच्या पिल्लांना खाऊन टाकतात. गोगलगायीच्या आत मारामारी, बाहेर शंख शांतपणे शेवाळ खातोय.

२७ नंबरमध्ये दुसरेच. साधी शेपूट, दुभंगलेली नाही, डोळ्याचे ठिपके नाहीत, कॉलर नाही, अंग गडद दाणेदार. एकजण पोहत पोहत काचेच्या कडेला आला, थांबला, अंग गोल करायला लागला. शेपूट जोरात हलत होती, मग नुसती हलत राहिली, अंगाशी संबंध नसल्यासारखी, आणि तुटून एकटीच पोहत गेली. मागे राहिलेला गोळा स्वतःभोवती काहीतरी सोडत होता. दहा-पंधरा मिनिटांत काचेला चिकटलेला एक पांढरा ठिपका. नखाने निघेना.

हाच तो मेटासरकेरिया. हाच ठिपका दांड्याला चिकटून टेम्पोत बसतो. एका मिरासिडियमपासून एका गोगलगायीत असे शेकडो होतात.

रिपोर्टात मात्र "फॅसिओलासारखा" असंच लिहायचं ठरलं. काचेवर कोष करणारे अजूनही काही आहेत, डीएनए केल्याशिवाय छातीठोक सांगू नका, मॅडम म्हणाल्या, आणि ते बरोबर आहे. वापरलेली सगळी काच उकळत्या पाण्यात, हात साबणाने तीनदा. हे माणसालाही लागतं.

६ सप्टेंबर

गणपतीत काहीच काम झालं नाही. आज अनंत चतुर्दशी, उद्यापासून.

१४ सप्टेंबर

गवताचा एक भारा उलगडून बसलो. खालचा वीतभर भाग आणि वरचा भाग वेगळा केला, दोन्ही ब्रशने घासून पाणी गाळलं. खालच्यात कोष मिळाले, मोजून तीन, शिवाय दोन लहान शंख. वरच्यात शून्य. एका भाऱ्यावरून काही सिद्ध होत नाही, माहितीये, पण तिघांनीही एकमेकांकडे बघितलं.

२८ सप्टेंबर

काकांपुढे सगळं मांडलं. औषधाचं आम्ही बोललोच नाही, ते त्यांचे डॉक्टर ठरवतील, दुभत्या जनावराला काय द्यायचं आणि किती दिवस दूध बाजूला ठेवायचं हा त्यांचा विषय. एवढंच सांगितलं की पावसाच्या सुरुवातीला दरवर्षी जो डोस देता, ऑक्सिक्लोझानाइड, तो पित्तनळीतल्या मोठ्या किड्यांना मारतो, लिव्हरमध्ये बोगदे काढणारी लहान तशीच राहतात आणि नंतर मोठी होतात. आणि गवत चालू तोवर नवीन येतच राहणार.

मग गवत दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा म्हणालो, वाळलं की कोष मरतात. काका म्हणाले सुकलेल्या गवतावर दूध तुटतं, आणि वाळवू कुठे, पत्र्यावर? बरं मग पाण्याच्या वरून कापायला सांगा, बुडखा ओढ्यातच राहू दे.

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, अरे, गवत मी किलोवर घेतो.

आम्हाला आधी कळलंच नाही. मग टेम्पोवाल्या दादानेच सांगितलं, बुडखा पाणी पितो, जड असतो, जितकं खालून कापाल तितके पैसे. कापणाऱ्या बाईंना पण तसेच मिळतात. विळा चिखलापर्यंत जातो तो काही आळसाने किंवा अडाणीपणाने नाही. मी महिनाभर मिरासिडियमचे डोळे बघत होतो आणि रेडीला किडा लागत होता तो वजनकाट्यावरून.

सायलीने हिशोब घातला, भाऱ्यावर पैसे दिले तर. काका म्हणाले भारे बारीक बांधतील. मग थोडा जास्त दर आणि बुडखा असेल तर परत, असं काहीतरी ठरलं, पंधरा दिवस बघू म्हणाले.

११ ऑक्टोबर

रिपोर्ट सबमिट. ५२ पानं, त्यातली आकृती सायलीने नवीन काढली, त्यात टेम्पो आहे. एक्स्टर्नल सर टेम्पोवर बोट ठेवून म्हणाले हे काय, आणि मग दहा मिनिटं त्याच्यावरच बोललो, बाकी काही विचारलं नाही.

३१ नंबरचं शेण परत जानेवारीच्या शेवटी बघायचं. आत्ता बघून फायदा नाही, आज डोस दिला आणि आजपासून गवत सुधारलं तरी आधीच लिव्हरमध्ये शिरलेले पुढच्या तीन-चार महिन्यांत मोठे होऊन अंडी घालणारच.

सकाळी तबेल्यावर जाऊन आलो. टेम्पो नुकताच लागला होता. वरच्या आठ-दहा भाऱ्यांचे बुडखे स्वच्छ, हिरवे, तिरपे कापलेले. सायलीने ते बाजूला सारून खालचे ओढले. त्यांना चिखल होता.